मापाचा शर्ट

मापाचा शर्ट मागायची पद्धत मधल्या काळात जवळजवळ मोडीत निघाली होती. मोबाइलसमोर एक गिरकी घेतली की शिंप्याला छाती, खांदा, बाही सगळं कळायचं. मग नवरदेवाचा जुना शर्ट मुलीकडच्यांनी कशाला मागवायचा? तरी गेल्या काही वर्षांत ही पद्धत परत आली, आणि अशी जोरात आली की लग्न ठरत आलं की मुलीकडून पहिला फोन शर्टासाठीच जायचा. कारण कुणी विचारत नसे. कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि ते चारचौघांत बोलायचं नाही एवढी रीत लोकांनी सांभाळली होती.

हेमांगी साळवीनेही सांगलीला तसा फोन केला. तिच्या रेवाने पुण्यात स्वतःच मुलगा पसंत केला होता. ईशान मोहिते, पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. दोन्ही घरं एकदा भेटली, जेवली, एकमेकांच्या स्वयंपाकाचं खरं-खोटं कौतुक करून झालं. आता सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

“मापाला एखादा शर्ट पाठवाल का?” हेमांगी म्हणाली.

ईशानची आई संगीताबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, पलीकडे होत्या. “पाठवते की,” म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात निळ्या रेघांचा सुती शर्ट कुरिअरने चिपळूणला आला.

शर्ट मागणाऱ्या बाकीच्या आयांत आणि हेमांगीत एक फरक होता. बाकीच्या जणी शर्ट वाचणाऱ्या मशीनवर भरवसा ठेवून मागत. हेमांगीला ते मशीन नेमकं काय वाचतं हे ठाऊक होतं, कारण कापडात वाचण्यासारखं काही साठवून ठेवण्याची सोय तिनेच केली होती.

ती चिपळूणजवळच्या औद्योगिक वसाहतीत फॅटी अमाईनच्या कारखान्यात संशोधन विभागाची प्रमुख होती. फॅटी अमाईन म्हटलं की पाहुणे मान डोलवायचे आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. वास्तविक गोष्ट साधी आहे. कुठलंही तेल फोडलं की त्यातून मेदाम्लं सुटी होतात. ती अमोनियाबरोबर कडक तापवली की पाणी निघून जातं आणि नायट्राइल नावाचा पदार्थ उरतो. त्यावर निकेलच्या सान्निध्यात, दाबाखाली हायड्रोजन सोडला की झालं फॅटी अमाईन तयार. एक लांबलचक तेलकट शेपटी आणि टोकाला नायट्रोजनचं डोकं. शेपटीचं पाण्याशी वाकडं. डोक्याला मात्र दगड, लोखंड, सूत, जे समोर येईल त्याला चिकटायची खोड.

या एका खोडीवर कितीतरी धंदे चालतात. खताचे दाणे पोत्यात एकमेकांना धरून ढेकूळ होत नाहीत, बॉयलरचे पाइप आतून गंजत नाहीत, खाणीतल्या खनिजातली वाळू फेसावर बसून वेगळी निघते, डांबर पावसातही खडीला धरून राहतं, निदान राहावं अशी अपेक्षा असते. आणि धुतलेला टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक होत नाही. डोकी सुताला घट्ट धरतात, शेपट्या बाहेर राहतात आणि हाताला मऊ लागतात, एवढंच त्यातलं रहस्य.

हेमांगीने तांदळाच्या कोंड्याच्या तेलापासून एक नवं अमाईन बनवलं. त्याला एकाऐवजी दोन डोकी दिली. बसमध्ये बाई एका हाताने दांडी धरते आणि दुसऱ्या हाताने पिशवी, तसा हा कारभार. एक डोकं सुताला धरायचं, दुसरं मोकळं राहायचं आणि अंगाचा घाम, त्वचेचं तेल यांतली अम्लं पकडायचं. अम्ल पकडलं गेलं की त्याचा क्षार होतो आणि क्षार काही हवेत उडत नाही. म्हणजे वास बंद. ‘मऊशार’ या नावाने ते बाजारात आलं आणि घराघरांतल्या धुण्याच्या मशीनमध्ये जाऊन बसलं.

वास मेला असं लोकांना वाटलं. तो मेला नव्हता, कोंडला होता. कितीही वेळा धुवा, हेमांगीचं रसायन धुण्याला भीक घालत नसे. इस्त्रीपेक्षा थोडं जास्त तापवलं की मात्र पकडलेलं सगळं एकदम सोडून द्यायचं. हे एका इस्पितळातल्या संशोधकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्या वाफेचं पृथक्करण करून पाहिलं. माणसाच्या त्वचेचं तेल त्याच्या आजारांबरोबर बदलतं. मधुमेह, यकृताचे विकार, आणि सगळ्यांत स्पष्टपणे कंपवात. हात थरथरायला लागण्याच्या सहा-सात वर्षं आधी कॉलर सांगून मोकळी व्हायची. रोग थांबवता मात्र येत नव्हता. औषधं होती ती त्रास सुरू झाल्यानंतरची.

मग तालुक्यातालुक्यात वाचन केंद्रं निघाली. रक्त घ्यायला माणसाची सही लागते. शर्टाला लागत नाही. तो ज्याच्या हातात त्याचा. कायदा करणाऱ्यांचं तिकडे लक्ष जायला वेळ होता आणि लोकांना तेवढा वेळ पुरेसा होता. पत्रिका बघायचं बरंच कमी झालं. मुलगा न आवडल्याचं कारण द्यायचं असलं की ‘पत्रिका जुळत नाही’ एवढं म्हणण्यापुरती ती उरली.

हेमांगीला हे सगळं थोडं शरमेचं वाटायचं. आपल्यावर वेळ आली तेव्हा तिने शरम बाजूला ठेवली. तिच्या मामांना कंपवात होता. मामीने ऐन उमेदीची वर्षं नवऱ्याला घास भरवण्यात, त्याची बटणं लावण्यात घालवली. मामी कधी तक्रार करायच्या नाहीत. ते बघूनच हेमांगीला जास्त धडकी भरायची. आपल्या मुलीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढं तिला हवं होतं, आणि यात काही चूक आहे असं तिला वाटत नव्हतं.

शर्ट आला तो नेमका कारखान्याच्या वार्षिक दुरुस्तीच्या तोंडावर. कामवाल्या मावशींनी प्रवासाने मळलेला म्हणून तो घरच्या कपड्यांबरोबर मशीनला लावला. हेमांगी काही बोलली नाही. धुतल्याने बिघडणार काय होतं? नंतर ती दुरुस्तीच्या कामात गुंतली आणि आठवडाभर कारखान्याच्या गेस्ट हाउसवरच राहिली. परत आली तेव्हा शर्ट कपाटात घडी होऊन पडला होता. तो तिने वाचन केंद्रावर नेऊन दिला.

केंद्र चालवणारा बेंडखळे तिच्या ओळखीचा. त्याचा फोन दुपारी आला.

“मॅडम, बाकी सगळं ठीक. पण कंपवाताच्या खुणा आहेत. दोनदा चालवून बघितलं.”

“किती वर्षं?”

“सहा. फार तर सात.”

हेमांगीने फोन ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेरच्या अमोनियाच्या टाकीकडे बघत बसली. मग सांगलीला, मध्यस्थामार्फत, पत्रिका जुळत नसल्याचा निरोप गेला.

रेवा शनिवारी पुण्याहून आली ती तणतणत. चपलाही धड काढल्या नाहीत.

“आई, तू त्याचा शर्ट वाचलास?”

“वाचला.”

“त्याला न विचारता?”

“विचारून कुणी वाचत नाही गं. सगळेच...”

“सगळ्यांचं मला नको सांगूस. काय आलं त्यात?”

हेमांगीने सांगितलं. रेवा खाली बसली. पराग, तिचा बाप, दाराशी उभा राहून ऐकत होता. तो दातांचा डॉक्टर. बाजारपेठेत त्याचा दवाखाना होता. बोलका माणूस.

“मला चालेल,” रेवा म्हणाली. “थरथरत आला तरी चालेल.”

“आता बोलायला सोपं आहे.”

“मग अवघड होईल तेव्हा मी बघीन ना! तू कशाला आत्तापासून बघतेस?” रेवा रडत खोलीत गेली. तिने आतून कडी लावली.

“जरा घाईच केलीस,” पराग हळूच म्हणाला. “पोराला निदान सांगायला हवं होतं. त्याच्या अंगातलं, आणि माहीत आपल्याला.”

“त्याच्या जागी तू असतास तर तुला कळून घ्यायला आवडलं असतं?”

पराग विचारात पडला. “नाही बुवा,” म्हणाला. “सहा वर्षं रोज सकाळी हात बघत उठायचं? त्यापेक्षा येईल तेव्हा येऊ दे.” आणि तो दवाखान्यात निघून गेला.

सोमवारी खुद्द संगीताबाईंचा फोन आला. हेमांगी तेव्हा घरीच होती.

“हेमांगीताई, पत्रिका आम्ही तुम्हाला दिलीच नव्हती, तर जुळत नाही कशी?” त्यांनी सुरुवातच तिथून केली. “मी सरळ बोलणारी बाई आहे. शर्ट वाचलात ना? काय निघालं?”

हेमांगीने सांगून टाकलं. मुख्याध्यापिकेपुढे मूग गिळून बसणं तिला जमलं नाही.

 मग संगीताबाई म्हणाल्या, “एक विचारते, तुम्ही त्यातल्या जाणकार आहात. ते तुमचं मऊ करायचं औषध कापडात नसलं, तरी मशीनला कळतं?”

“नाही. औषधच ते धरून ठेवतं. नुसत्या सुतातलं सगळं धुण्यात जातं.”

“मग तुमचं मशीन खुळं आहे. आमच्या ह्यांना त्या औषधानं अंगभर गांधी उठतात. तुमचा तो मऊशार आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेला नाही. आणि शर्ट इथलाच आहे. इचलकरंजीचं कापड, आमच्या शिंप्यानं शिवलेलं. ईशान सणावाराला येतो तेव्हा घालतो, इथंच धुतो, इथंच राहतो तो शर्ट.”

हेमांगी हादरली. का, ते संगीताबाईंना कळण्याचं कारण नव्हतं.

“ऐकताय ना? मी काही भांडायला फोन केलेला नाही. पोरगं नीट जेवंना झालंय. मशीनची चूक झाली म्हणा, मी घरात तेच सांगते, विषय संपला. मशीनबी चुकतंच की.”

“मी... बेंडखळेंशी बोलून तुम्हाला कळवते,” हेमांगी म्हणाली.

ती बेंडखळेशी बोलली नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं, मशीन चुकलं नव्हतं. सांगलीहून आलेला शर्ट कोरा होता. त्यात अमाईन पहिल्यांदा शिरलं ते तिच्याच घरच्या धुण्यात. म्हणजे त्याने जे काही पकडलं ते त्या धुण्यानंतर. ती कारखान्यावर असताना तो शर्ट कुणीतरी अंगात घातला होता, चांगला घाम येईपर्यंत घातला होता. आणि दोरीवर दिसेल तो शर्ट आपला, असा सरळ हिशोब असलेला पुरुष घरात एकच होता. लग्नापासून त्याचे शर्ट हेमांगीच आणायची. आपल्याकडे कुठले शर्ट आहेत हे परागने कधी लक्षात ठेवलं नव्हतं.

तरी तिने खात्री करायची म्हणून फोन उघडला. परागच्या दवाखान्यातली मदतनीस शमिका हिने गुहागरच्या शाळेतल्या दंततपासणी शिबिराचे फोटो त्या आठवड्यात पाठवले होते. हेमांगीने तेव्हा न बघताच अंगठा दाखवला होता. आता बघितले. शाळेच्या व्हरांड्यात एका मुलीच्या उघड्या तोंडात डोकावणारा पराग, निळ्या रेघांच्या शर्टात. दुसऱ्या दिवशीच्या फोटोतही तोच शर्ट. गुहागरच्या दमट हवेत काखेत भिजलेला.

तिच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली. अमाईनला कुजक्या मासळीसारखा वास असतो. कितीही आंघोळ करा, केसांत उरतोच. लग्न झाल्यापासून ती कारखान्यातून आली की पराग दारातच नाक दाबायचा, “आली माझी सुकट, आधी न्हाणीघर!” म्हणायचा. गेलं वर्षभर, कदाचित जास्तच, त्याने हे म्हटलं नव्हतं. तिला वाटलं होतं, सवय झाली असेल, किंवा वयाबरोबर माणूस शहाणा होतो. एकदा तर त्याबद्दल तिला त्याचं प्रेमही वाटलं होतं. वास न येणं हे कंपवाताचं सगळ्यांत आधीचं लक्षण. ते ती स्वतः प्रशिक्षणाच्या वर्गात वाचन केंद्रांतल्या लोकांना शिकवायची.

तिला रडू फुटलं. मावशी स्वयंपाकघरात होत्या म्हणून तिने तोंडावर पदर धरून रडून घेतलं.

रडून झाल्यावर तिने विचार केला, आणि तो तिने कारखान्यातल्या अडचणीसारखाच केला. खरं सांगितलं तर परागला ते कळणार, ज्याला ते कळायला नको होतं. मोहित्यांना कळणार की आजार आपल्या घरात नसून सोयरिकीच्या घरात आहे. ते मागे सरले तर त्यांना दोष देता येणार नाही, आपण तरी काय केलं होतं? दातांचा डॉक्टर म्हटल्यावर गावालाही कळणार आणि दवाखाना ओस पडणार. उलट मशीन चुकलं म्हटलं की रेवाचं लग्न होतं, परागला सहा वर्षं निवांत मिळतात. ओझं एकटीला वाहावं लागेल, तर वाहू. खोटं बोलणं इतकं सोपं तिला कधीच झालं नव्हतं. समोरच्या बाईनेच ते तयार करून हातात दिलं होतं.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. बाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ गाल धरून बसले होते. आत पराग एकटाच, हातमोजे काढत होता.

“मशीनची चूक झाली,” हेमांगी म्हणाली. “त्या शर्टात मऊशार नव्हतंच. बेंडखळेला कळलं नाही. ईशानला काही झालेलं नाही.”

परागचा चेहरा असा फुलला की हेमांगीला आपण केलं ते बरोबरच केलं असं वाटलं.

“अगं, मग उभी काय राहिलीस? रेवाला सांगितलंस?”

“रात्री सांगते.”

“आणि सांगलीला? आधी तिकडे माफी मागायला हवी. थांब, मीच करतो.” ती नको म्हणेपर्यंत त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. “मोहितेबाई, नमस्कार. डॉक्टर साळवी बोलतोय. आमच्याकडून फार मोठी चूक झाली. कान पकडतो.”

“अहो, असू दे, असू दे,” संगीताबाईंचा आवाज मोकळा झाला होता. “चुकलं मशीन. तुम्ही कशाला कान पकडताय?”

“नाही, पोराला किती मनस्ताप झाला.”

“झाला तर झाला. आता मिटलं. पण डॉक्टर, मला एक सांगा,” त्या हसत म्हणाल्या, “आमच्या शर्टात औषध नाही, ईशानचा वास नाही, मग त्या मशीनला वास आला तरी कुणाचा?”

“माझा असेल!” पराग खो खो हसला. “मीच घालून गेलो होतो ना गुहागरला. माझाच समजून दोन दिवस घातला. कॉलरवर जावयाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं! काल शमिकाचे फोटो बघितले तेव्हा कळलं, हा तर मापाचा शर्ट, म्हटलं आता हेमांगीला सांगितलं तर माझी धडगत नाही...”

हेमांगीने हसायला हवं होतं. एवढंच करायचं होतं. दोघं हसत होती, त्यात आपलं हसू मिसळून द्यायचं, आणि सगळं निभावलं असतं. तिने प्रयत्नही केला. पण ओठ थरथरले आणि डोळे भरून आले.

परागचं हसू हळूहळू विरलं. तो तिच्याकडे बघत होता. रसायनातलं त्याला फारसं कळत नसे, पण लग्नाच्या बायकोचा चेहरा त्याला वाचता येत होता.

स्पीकरमधून काही आवाज येत नव्हता. संगीताबाई सगळा जन्म वर्गातली शांतता ओळखण्यात घालवलेल्या बाई होत्या.

“डॉक्टर,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अगदी खाली आला होता, “रविवारी सांगलीला या. सगळे या. सुपारी फोडून टाकू. मला दुसरं काही सांगू नका, आणि आता कापडं-बिपडं कुणी मागू नका. ठेवते.”

फोन बंद झाला. बाहेर रस्त्यावरून रिक्षा गेली.

“माझा होता?” पराग म्हणाला.

हेमांगीने होकाराची मान हलवली.

“आणि तू सांगणार नव्हतीस.”

“तूच म्हणाला होतास ना, कळून घ्यायला आवडणार नाही. मी म्हटलं, निदान तुला तरी...” 

“म्हणालो होतो खरं,” पराग म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर काढावा हे त्याला ठरवता येत नव्हतं. “तेव्हा तो दुसऱ्याचा शर्ट होता.”

तो सिंकपाशी गेला आणि नळ सोडून हात धुवायला लागला. कोपरापर्यंत, सावकाश, रोज धुवायचा तसे. हेमांगी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. जवळ जावं असं तिला फार वाटत होतं, पण आज तो आपल्याला जवळ येऊ देईल की नाही याची तिला खात्री नव्हती.

दार वाजलं. शमिकाने डोकं आत घातलं. “सर, पवारकाका कधीचे थांबलेत. दाढ फार ठणकतेय म्हणतात. आज बघताय, की उद्या या म्हणून सांगू?”

पराग नॅपकिनला हात पुसत वळला. शमिकाला उत्तर न देता त्याने हेमांगीलाच विचारलं, “किती वर्षं म्हणाला बेंडखळे?”

“सहा,” हेमांगी म्हणाली. “फार तर सात.”

परागने नवे हातमोजे काढले, एकेक करून चढवले आणि दिवा खुर्चीवर ओढून घेतला.

“पाठव त्यांना आत,” तो शमिकाला म्हणाला.